आऱ्याचे वाकडे दात

मागच्या महिन्यात आमच्या फाट्यावरची बाभूळ कापली. रस्त्याच्या कामात आडवी येत होती. दोन पोट्टे आले, पेट्रोलची मशीन आनली, दोरी ओढली, अन् माही एक बिडी संपाच्या आत बाभूळ खाली. मी सहज जवळ गेलो अन् मशीनच्या साखळीकडं वाकून पाह्यलं. तिचे दात एक डाव्या अंगाले, एक उजव्या अंगाले, असे वाकडे बसवलेले.

मी त्या पोट्ट्याले म्हणलं, "भाऊ, तुह्ये दात वाकडे झाले. हातोडा आनतो, सरळ करून देतो."

त्यानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "काका, आज सकाळीच घेतली काय?"

घेतली नोती. पण घरी येतानी रस्ताभर एकटाच हासत होतो, म्हणून दोन-तीन जनाईले तसंच वाटलं असन. मले माह्ये सासरे आठवले होते. अन् सासरे आठवले की तो आरा आठवते, अन् आरा आठवला की मी किती मोठा गाढव होतो ते आठवते. होतो म्हणतो, कारण आता दात पडल्यावर मानूस तेवढा मोठा गाढव राहत नाई.

माह्यं लग्न झालं तवा आमच्या घराले दरवाजा नोता. चौकट होती. बापानं एका साली चौकट बसवली अन् म्हणे, दरवाजा पुढच्या साली. पुढच्या साली बाप नोता. त्याच्या मांगं वावराचा एक तुकडा, एक बैल, माय अन् ती चौकट एवढं माह्या वाट्याले आलं. चौकटीत आमी तुऱ्हाट्याचा ताट्या बांधला होता. तूर झोडपल्यावर ज्या काड्या उरते ना, त्या एकमेकीत गुंतवून केलेला पडदाच तो. वारा आला की वाजे. बकरी आली की त्याले अंग घासे.

मले त्याचं काई वाटत नोतं. चोरानं न्यावं असं घरात काई होतंच कुठं? चोर आला असता तं मीच त्याले चहापत्ती मांगितली असती.

पंचाईत झाली ते लग्नाची बोलणी लागली तवा. मेडशीचे लोक घर पाहाले येणार होते. माय म्हणे, "त्याईले काय ताट्या दाखवशील?"

म्या म्हणलं, "तू पोह्याचं पाह्य, दरवाज्याचं मी पाह्यतो."

शेजाऱ्याकडं गेलो, त्याचा दरवाजा कब्ज्यातून, म्हणजे बिजागरीतून, काढला, डोक्यावर घेऊन आलो अन् आमच्या चौकटीत टेकवून ठेवला. शेजाऱ्याचं घर त्या दिवशी उघडं. त्याची बायको दिवसभर उंबऱ्यावर बसून राखन करे अन् माह्या नावानं बोटं मोडे. पाहुणे आले. मी दरवाज्याले पाठ लावून बसलो, म्हणजे तो पडणार नाई. पोहे आले, चहा आला, मी हाललो नाई. होणारे सासरे जाता जाता म्हणले, "पोरगा बसका हाये. शांत दिसते." अन् जमलं.

लग्न होऊन ती घरी आली, तं चौकटीत ताट्या. तिनं इचारलं, "दरवाजा कुठं गेला?"

म्या म्हणलं, "ज्याचा होता तो घेऊन गेला."

ती हासली. मले वाटलं झालं, हे बाई आपल्यातली हाये, हिले हासवत राह्यलं की दरवाज्याचं काई काम नाई.

मंग पोळा आला. तिच्या हातचा पयला पोळा. तिनं सकाळपासून पुरनाच्या पोळ्या केल्या, दुरडीत रचल्या, वर फडकं टाकलं. मी बैल सजवून तोरनाखाली घेऊन गेलो. माह्या एका बैलाले जोडी म्हणून दुसऱ्याचा बैल उसना होता, तेही सांगून टाकतो. माय देवळात, बायको विहिरीवर. तेवढ्यात गावातलं एक तांबडं कुत्रं नाकानं ताट्या सारून आत गेलं अन् दुरडी घेऊन भायेर आलं. आमी आलो तं ते घरासमोरच्या कडूनिंबाखाली बसून जेवून राह्यलं होतं. निवांत. जवायासारखं.

ती रडली. मी हासलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पानठेल्यावर सांगतलं, पारावर सांगतलं, एसटीत बसून अनोळखी लोकाईले सांगतलं. कुत्रं कसं बसलं होतं, पोळीचा घास कसा घेत होतं, याची नक्कल करून दाखवे. लोक पोट धरून हासत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एका बाईनं माह्या बायकोलेच इचारलं, "काव, काल तुमच्या घरी कोन जेवलं?" तिनं घरी येऊन घागर ठेवली. दिवाळीपर्यंत माह्याशी कामापुरतंच बोलली. दिवाळीत तिचा भाऊ न्यायले आला, ती गेली. मी तिची पिशवी फाट्यापर्यंत नेऊन देली. पिशवी जरा जड होती, पण तवा माह्या ध्यानात आलं नाई.

भाऊबीज झाल्यावर मी आनाले गेलो. सासरे ओसरीवर दोर वळत बसले होते.

"या जवाई. चहा घ्या."

घेतला.

"जेवून घ्या."

जेवलो.

"आता चारची एसटी हाये. निघा."

म्या म्हणलं, "अन् ही?"

"ही नाई."

"काहून मामा?"

"घराले दरवाजा हाये काय?"

"ताट्या हाये."

"ताट्या कुत्र्याले उघडता येते. त्यानं तो उघडून दाखवला, असं तुमीच गावभर सांगून राह्यले म्हणते."

आतून बायकोचा आवाज आला. मले नाई, बापाले म्हणत होती. "बाबा, मले कुत्र्याचा राग नाई आला. कुत्रं कुत्र्यासारखंच वागलं."

मंग कोन कसं वागलं ते ती बोलली नाई. सासऱ्यानं दोराले पीळ देला अन् म्हणले, "दरवाजा लावा, मंग या. त्याच्या आधी आले तं चहा भेटन, जेवन भेटन. लेक नाई भेटणार."

एसटीत माह्या बाजूची जागा मी उगाच थैली ठेवून धरून ठेवली होती. वाटेत किन्हीराजा गाव आलं तवा ध्यानात आलं की तिथं कोनी बसणारच नोतं.

घरी मायनं इचारलं, "एकटाच आला?"

"हो."

"लोकाईले काय सांगशील आता?"

पयल्यांदा मले सांगाले काई सुचलं नाई.

लाकूड होतं. वावराच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा, जुना कडूनिंब उन्हाळ्यातल्या वादळानं पडला होता. त्याचा बुंधा म्या कुऱ्हाडीनं तोडून ठेवला होता. पण बुंध्याच्या फळ्या कशा कराच्या? फळ्या कापाची मशीन मालेगावले. तिथवर लाकूड न्यायले गाडी अन् बैलाची जोडी लागते. उसना बैल मांगाले शेजाऱ्याकडं गेलो तं तो म्हणे, "तू एकदा दरवाजा नेला, तवापासून माही बायको तुह्या अंगनातला काडीचाबी हिशोब ठेवते. मले नोको इचारू." मंग मेडशीले जाणाऱ्या मानसाजवळ सासऱ्याले निरोप धाडला की लाकूड हाये, फळ्या नाई.

तिसऱ्या दिवशी उलटा निरोप आला. मी येतो, फाट्यावर राहा.

एसटी थांबली. आधी गोणपाटात गुंडाळलेला लांबच लांब आरा उतरला, मंग सासरे. कंडक्टर वरून म्हणत होता, "बुवा, पुढच्या खेपेले मगर आना, तिले जागा करून देतो. पण हे नोको."

सासरे म्हणले, "मगर झोपते तरी. हा झोपत नाई."

आरा म्हणजे पुरुषभर लांब पोलादाची पट्टी. दोन टोकाले दोन लाकडी मुठी, अन् एका धारेले दातच दात. एकट्यानं चालत नाई, दोघं लागते. एक वरते, एक खालते. त्याईच्या बापापासून तो त्याईच्या घरी होता, अन् मेडशीत कितीतरी घरचे दरवाजे त्यानंच झाले होते. सासरे कास्तकार मानूस, सुतार नाई. पण हिवाळ्यात वावरातलं काम सरलं की कोनी ना कोनी बोलावे अन् हे आरा घेऊन निघत.

घरी आल्यावर त्याईनं आरा भितीले टेकवला अन् म्हणले, "मी लाकूड पाहून येतो. एकटाच जातो. लाकडाजवळ जास्त बोलणारा मानूस नोको."

मी घरी एकटा. माय चुलीपाशी. मले वाटलं, सासरे माह्यासाठी एवढं ओझं घेऊन आले, आपनबी काई करावं. आरा साफ करून ठेवू, तेल लावून ठेवू. गोणपाट काढलं अन् पाह्यलं तं काय, साऱ्या दाताईचा सत्यानाश. एक डावीकडं वाकलेला, त्याच्या बाजूचा उजवीकडं, मंग डावीकडं, मंग उजवीकडं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकबी दात सरळ नाई.  म्हणलं, एसटीत कोनाच्या तरी पेटीखाली आला अन् वाकला. आता सासरे येतीन, पाह्यतीन, म्हणतीन, जवायाच्या दरवाज्यापायी बापाचा आरा गेला.

मंग म्या वख्खराची पास, त्याची लांब लोखंडी पट्टी, दगडावर ठेवली, तिच्यावर आरा आडवा घेतला अन् हातोडी घेऊन एकेक दात ठोकून सरळ केला. कोनी सांगन की मी आळशी हाये, तं त्यानं मले त्या दिवशी पाहाले पाहिजे होतं. मान दुखली, बोटं चेंगरली, पण एक दात सोडला नाई. माय म्हणे, "काय ठोकून राह्यला?" म्या म्हणलं, "काम करून राह्यलो." ती भायेर येऊन पाहून गेली. तिले माह्यावर विश्वास नोता, पण लोखंडातलं तिलेही कळत नोतं. शेवटी एक डोया मिटून आऱ्यावरून नजर टाकली. सारे दात एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेतल्या पोराईसारखे. मी तेल लावलं, गोणपाट गुंडाळलं अन् होतं तसं ठेवून देलं. सासरे आले. म्या सांगतलं नाई. म्हणलं, उद्या चालवल्यावर त्याईलेच कळन की आरा कसा पाण्यासारखा चालते, मंग सांगू.

सकाळी आमी बुंधा दोन बेचक्याईवर तिरपा चढवला. सासऱ्यानं कोळशाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी ताणून त्याच्यावर काळी रेघ मारली. ते वर चढले, मी खाली बसलो. जवाई असो का कोनी, जो नवा तो खाली.

"मी वर ओढतो, तुमी खाली ओढा. ढकलाचं नाई, नुसतं ओढाचं. समजलं?"

"समजलं मामा."

सुरू केलं. वीतभर आरा आत गेला अन् जड पडला. अजून थोडा गेला अन् अडकला. खाली येईना, वर जाईना. आरा सरकावा म्हणून सासऱ्यानं चिरेत रॉकेल सोडलं. मंग चिरेत पाचर ठोकली. मंग पुन्हा ओढला. मी तं मुठीले लटकलोच, पाय जमिनीवरून सुटले. आरा हालला नाई.

"काय झालं याले," सासरे स्वताशीच म्हणले. "बाभळीत नाई अडकला हा कधी."

दोघाईनं मोठ्या मुश्किलीनं आरा काढला. ते खाली उतरले, आरा उजेडाकडं धरला अन् एक डोया मिटून पाह्यलं. लय वेळ पाह्यलं.

"हे कोनं केलं?"

म्या म्हणलं, "मामा, एसटीत वाकले होते. म्या सरळ केले."

"सगळे?"

"सगळे. एकबी नाई सोडला."

ते बेचकीजवळ बसले. तमाखू काढली, मळली, पण तोंडात टाकली नाई, तशीच हातात धरून राह्यले. मंग उठले अन् आरा गोणपाटात गुंडाळाले लागले. मी उभा. मले दिसून राह्यलं होतं की त्या गोणपाटात नुसता आरा गुंडाळून नाई राह्यला. दुपारची एसटी, मेडशी, अन् माही बायको कायमची तिकडं. मी तोंड उघडलं अन् मले सवयीनं एक गंमत सुचली. ती म्या गिळली. माह्या जन्मात गिळलेली पयली गंमत असन.

तेवढ्यात माय चून-भाकर घेऊन वावरात आली. गुंडाळलेला आरा पाह्यला, माह्यं तोंड पाह्यलं, अन् तिले सारं कळलं.

"इवाई, जेवून घ्या," ती म्हणली. "माह्या पोटी हे एकच हाये. दुसरं असतं तं तुमाले तेच देलं असतं."

सासऱ्याच्या मिशीखाली काईतरी हाललं. ते बसले. आमी जेवलो. भाकरीच्या वासानं ते तांबडं कुत्रंबी आलं. त्याच्या तोंडात कुठून तरी आनलेला वाळका चामड्याचा तुकडा होता. ते जरा दूर बसलं, तुकडा पुढच्या दोन पायाईत धरला अन् मान वाकडी करून चघळाले लागलं.

"इकडं ये," सासरे मले म्हणले. आतापर्यंत मी जवाई होतो, तुमी होतो. ते संपलं. "पाह्य त्याच्याकडं. ते समोरच्या दातानं कापून राह्यलं काय?"

"नाई. मान वाकडी करून बाजूनं घेते."

"काहून?"

"त्याले सवय असन."

"सवय तुले हाये बोलाची. त्याची अक्कल हाये. समोरच्या दातानं ते नुसतं धरते. कापाले बाजूच्या दाढा. त्या दाढाईले टोकं हाये, करवतीसारखे. अन् वरची दाढ भायेरून येते, खालची आतून, कात्रीसारखी. एकमेकीवर थेट आदळत असत्या तं ते बसलं असतं चघळत, जसा तुहा बैल बसते. बैलाची दाढ सपाट. ते दळते, कापत नाई. वरच्या जबड्याले तं समोर दातच नाई त्याच्या. गवत जिभेनं ओढून तोडते."

मी म्हणलं, "हे मले माहीत हाये मामा, बैलाचं."

"मंग आऱ्याचं काहून माहीत नाई? ज्वारीच्या वावरातून उघड्या हातानं चाललाच असशील. पान किती नरम, पण हात कसा चिरते? त्याच्या कडेले बारीक दात राह्यते. डोयाले दिसत नाई, हाताले दिसते. गुळगुळीत धार लाकडावर दाबली तं ती त्याच्यात रुतते, बस. दात लाकूड कुरतडते, भुसा करते, पुढं लोटून भायेर फेकते. अन् हा एक दात डावीकडं अन् एक उजवीकडं कायले ठेवला, सांग."

म्या डोकं खाजवलं.

"वाट रुंद व्हावी म्हणून. पट्टीची जितकी जाडी, तितकीच चीर पडली तं पट्टी जाईन कशी? तू मले तुह्याच अंगाच्या मापाचा दरवाजा करून दे, मंग पाहू तू रोज आत कसा जाते ते. दात वाकडे हायेत म्हणून आरा सरळ जाते."

त्याईनं तमाखू तोंडात टाकली अन् गोणपाट सोडलं. मी श्वास सोडला, तो कुत्र्यालेबी ऐकू गेला असन.

त्याईनं लोखंडाच्या एका पट्टीले कानशीनं खाच पाडली. ती खाच दातावर बसवाची अन् हलकेच वाकवाची. एक दात ते डावीकडं वाकवत, दुसरा मी उजवीकडं. माह्या हातानं जो बिघडला तो माह्याच हातानं बसला पाहिजे, असं त्याईचं म्हणनं. तो दिवस सारा त्याच्यात गेला अन् दुसऱ्या दिवसाचं अर्ध. एक दात माह्या हातानं कडकन तुटला. मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यलं.

"राहू दे. तोंडातलाबी एखादा पडतेच. जेवन थांबत नाई." मंग दोन-चार दात झाल्यावर, मान खाली घालूनच म्हणले, "घर पाहाले आलो होतो, त्या दिवशी तू दरवाज्याले टेकून बसला होता."

माह्या हातातली पट्टी थांबली.

"कब्जे नोते त्याले. मले आत येतानीच दिसलं. समोरच्या घरची बाई बिनदाराच्या उंबऱ्यावर बसली होती, तेबी दिसलं."

"मंग मामा, लेक कशी काय देली?"

"म्हणलं, हा पोट्टा माही लेक मिळावी म्हणून दुसऱ्याचा दरवाजा डोक्यावर आनते. मंग स्वताचाबी करन." त्याईनं पुढचा दात धरला. "तसं वाटलं होतं मले. कर आता. तो दात जास्त वाकवला तू, मांगं घे."

आता सासरे नाई. आमचं घरबी स्लॅबचं झालं, दरवाजा दुकानातून आनलेला, गुळगुळीत, आतून पोकळ. टकटक केलं की डबा वाजल्यासारखा वाजते. पण त्या दोन दिवसाची ऊन आठवते मले. थंडीतली ऊन, तुरीले शेंगा धरलेल्या, कानशीचा खर्र खर्र आवाज, अन् एक म्हातारा मानूस मले शिव्या न देता शिकवून राह्यला. शाळेत मास्तर शिव्या देऊन शिकवे, तवा मी शाळा सोडली. असं कोनी शिकवलं असतं तं कोन जाने, मी आज पाढे म्हणले असते.

मंग आरा चालला. कसा चालला सांगू. खर्र... खर्र... वरून ते ओढत, खालून मी. कडूनिंबाचा भुसा सारा माह्या तोंडावर पडे. कडूजहर. डोये मिटले तरी नाकात जाये, तोंड मिटलं तरी कुठून तरी जिभेवर येये. घरी चहा पेलो तं तोबी कडू. माय म्हणे, "साखर टाकली बाप्पा म्या." मी ढकलत होतो तवा वरून आवाज येये, "ढकलू नोको. तुह्यी पाळी आली की ओढ, नाई तं सोडून दे. माह्या पाळीत हात घालू नोको." मले ते समजाले दोन फळ्या गेल्या. त्या दोन फळ्या नागमोडी झाल्या. बाकीच्या बऱ्या निंघाल्या.

दरवाजा झाला. आडव्या पट्ट्या ठोकल्या, कब्जे लावले, चौकटीत बसवला. नागमोडी फळ्या मधात लपवू म्हणलं तं सासरे म्हणले, "कडेले लाव. रोज हात लागला पाहिजे तुह्या." तसा लावला. खालून जरा घासत होता.

सासऱ्याले फाट्यावर सोडाले गेलो. ते आरा उभा धरून एसटीची वाट पाहत राह्यले. गाडी दिसली तवा म्हणले, "पाठवतो तिले. पण पाठवणं माह्या हाती हाये. राहणं तिच्या हाती. तिनं पाहून नाई म्हणलं तं मी पुन्हा आरा घेऊन येणार नाई."

कंडक्टर तोच होता. आऱ्याकडं पाहून त्यानं डोक्याले हात लावला.

आठवड्यानं ती आली. भाऊ फाट्यावरूनच परत गेला. मायनं भाकर-तुकडा ओवाळून टाकला. ती दारापाशी आली, पिशवी खाली ठेवली. दरवाज्याले हात लावला. कडेच्या नागमोडी फळीवरून हात खालपर्यंत नेला. मंग मायले म्हणली, "आत्याबाई, तुमी भायेरच थांबा जरा." अन् एकटीच आत गेली अन् दरवाजा लावून घेतला. आतून कडी वाजली.

आमी दोघं भायेर. माय अन् मी. बराच वेळ झाला. आतून आवाज नाई. शेजारीन येऊन उभी राह्यली, मंग पानठेल्याकडून जाणारे दोघं. एकानं इचारलं, "काय बे, भायेर काहून? आज बायको जेवून राह्यली काय एकटी?"

साऱ्याईनं माह्याकडं पाह्यलं. मी काईतरी बोलन अन् हासू येईन म्हणून त्याईचे चेहरे तयारच होते. माह्या जिभेवर आलंबी होतं. दाराच्या चिरेतून मले तिची सावली दिसून राह्यली होती. दाराजवळच उभी होती ती, ऐकून राह्यली होती.

म्या म्हणलं, "दरवाजा नवा हाये. ती पाहून राह्यली."

एवढंच. लोक जरा थांबले, अजून काई निंघते काय म्हणून. काई निंघालं नाई तवा आपापल्या वाटेनं गेले.

मंग कडी निंघाली. दरवाजा घासत घासत उघडला. ती उंबऱ्यात उभी, वाकून खालची कड पाहून राह्यली होती. माह्याकडं न पाह्यताच म्हणली, "खालून घासते हा. आताच एवढा घासते तं पावसाळ्यात फुगन, मले लावता नाई येणार. कोनाचा तरी रंधा आना अन् मारून घ्या."

म्या म्हणलं, "आनतो."

मी तसाच रंधा मांगाले निंघालो. हिवाळा नुसता लागला होता, तूर वावरात उभी होती. पावसाळा अजून लय दूर होता.